झाडावर न्यायची करवत

चेनसॉच्या माहितीपत्रकात वजनाच्या रकान्यात जो आकडा छापलेला असतो, तो रिकाम्या यंत्राचा. टाकीत पेट्रोल नाही, साखळीला लागणारं तेल नाही, साखळी ज्यावर फिरते तो बार नाही आणि साखळीही नाही. जे यंत्र एक डहाळीसुद्धा कापू शकणार नाही, त्याचं ते वजन. श्टिल कंपनीची एमएस २०१ टी ही झाडावर चढून काम करणाऱ्यांसाठीच बनवलेली करवत घेऊ. कागदावर ती सुमारे ३.७ किलोची. तिच्या टाकीत जेमतेम ३०० मिलिलिटरच्या आसपास इंधन मावतं; पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून ते धरा सव्वादोनशे ग्रॅम. साखळीचं तेल आणखी दोनेकशे. बारा इंची बार आणि साखळी मिळून अर्धा ते पाऊण किलो. बेरीज पावणेपाच किलोंवर जाते. करवत अडकवायचा पट्टा आणि कडी वेगळीच.

पावणेपाच किलो ऐकायला फार वाटत नाहीत. पण हे वजन कुठे धरायचं आहे ते बघायला हवं. झाडावरचा माणूस हार्नेसमध्ये बसलेला, पाय खोडाला टेकवलेले, एक दोर वरच्या फाट्यावरून आलेला, दुसरा कमरेभोवतून खोडाला वळसा घातलेला. कापायची फांदी क्वचितच छातीसमोर येते. ती डोक्याच्या वर असते, नाहीतर बाजूला हातभर अंतरावर, नाहीतर मांडीखाली. भरलेली घागर कमरेवर घेऊन माणूस बरंच अंतर चालतो. तीच घागर हात लांब करून धरायला सांगा, दहा आकडे मोजेपर्यंत खांदा भरून येईल. करवतीचंही तसंच. म्हणून चढणाऱ्याने वजनाचा विचार दोनदा करायचा. एकदा कमरेला लटकणाऱ्या करवतीचा, आणि एकदा हात लांबवून चालवायच्या करवतीचा. पहिलं वजन दिवसभर असतं, कारण झाडावरचा बहुतेक वेळ कापण्यात जातच नाही; चढण्यात, सरकण्यात, दोर बांधण्यात आणि खालच्या माणसाशी बोलण्यात जातो. दुसरं वजन मिनिटा-दोन मिनिटांचं, पण अपघात त्याच मिनिटांत होतात.

अमेरिकेत विजेच्या तारांजवळ झाडं छाटणाऱ्यांसाठी जो कामगार-सुरक्षेचा नियम आहे, त्यात वजनाची रेषा आखून दिली आहे. चालू अवस्थेत १५ पौंडांहून, म्हणजे ६.८ किलोंहून जड करवत झाडावर वापरायची तर तिला स्वतंत्र दोराचा आधार हवा. उंच उचलणाऱ्या यंत्राच्या पाळण्यात उभं राहून काम असेल किंवा दोर बांधायला वर फांदीच उरली नसेल, तेवढेच अपवाद. आपल्याकडे झाडांवर नेल्या जाणाऱ्या करवतींकडे पाहिलं की हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा वाटतो. ऑनलाइन बाजारात सगळ्यात जास्त दिसतं ते ५८ सीसीचं, बावीस इंची बार लावलेलं स्वस्त यंत्र. बार, साखळी, तेल, पेट्रोल धरून ते या रेषेच्या अगदी जवळ जातं, आणि ते बनवलेलं असतं जमिनीवर पाय रोवून आडवा ओंडका कापण्यासाठी. गावोगावी तेच पाठीला बांधून माडावर किंवा आंब्यावर चढवलं जातं, कारण घरात दुसरं नसतं आणि "जास्त सीसी म्हणजे लवकर काम" हे दुकानदाराने पटवून दिलेलं असतं.

चेनसॉला हलकं व्हायला बराच काळ लागला. आंद्रेआस श्टिल यांनी १९२९ साली बाजारात आणलेलं पेट्रोलवरचं झाडतोड यंत्र ४६ किलोंचं होतं आणि त्याला दोन माणसं लागत. त्याच कंपनीचं १९५९ सालचं 'कॉन्ट्रा' १२ किलोंवर आलं. तेव्हा ते एका माणसाच्या हातातलं आश्चर्य मानलं गेलं. साखळीच्या दातांत मोठा बदल केला अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातल्या जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याने. लाकूड पोखरणारी अळी जबडा डावीकडे-उजवीकडे फिरवत आडव्या-उभ्या रेषा सारख्याच सहज कापते, हे त्याने पाहिलं आणि तशा आळीपाळीने डाव्या-उजव्या दातांची साखळी १९४७ साली विकायला काढली. आजच्या साखळ्या तिच्याच वंशातल्या. पुढे मॅग्नेशियमची आवरणं आली, कंप शोषणाऱ्या स्प्रिंगा आणि रबर आले, आणि मग झाडावर चढणाऱ्यांसाठी वेगळ्या घडणीची करवत निघाली, जिचं मागचं हँडल इंजिनाच्या डोक्यावर आणून ठेवलेलं असतं. तिला टॉप-हँडल म्हणतात.

या घडणीत फायदा आणि धोका दोन्ही एकाच ठिकाणी आहेत.

हँडल वर आणल्याने करवत आखूड होते. फांद्यांच्या गर्दीत ती फिरते, कमरेला लटकवली की पायात येत नाही, आणि हँडल जवळपास वजनाच्या मध्यावर असल्याने उचलली तर समतोल राहते. साध्या, मागे हँडल असलेल्या करवतीत उजवा हात मागे आणि डावा पुढे, दोघांत चांगलं अंतर असतं. टॉप-हँडलमध्ये ते अंतर खूप कमी. आता बारच्या टोकाचा वरचा चतुर्थांश भाग कशाला तरी लागला तर काय होतं ते बघा. त्या भागावर साखळी पुढे आणि खाली वळत असते. दात लाकडात रुतला की साखळी थांबते आणि तिची ताकद अख्ख्या यंत्राला उलटं फिरवते. बार वर उसळून कापणाऱ्याच्या चेहऱ्याकडे आणि खांद्याकडे येतो. याला किकबॅक म्हणतात आणि तो डोळ्याची पापणी लवायच्या आत होऊन जातो. ही उसळी थोपवायला हातांना जी ताकद लागते ती दोन हँडलांमधल्या अंतरावर अवलंबून असते. अंतर जास्त तर तरफ लांब. टॉप-हँडलमध्ये ही तरफच आखूड केलेली आहे. म्हणजे झाडावर सोयीची म्हणून जी करवत घ्यायची, तीच उसळली तर आवरायला अवघड. म्हणून युरोपात आणि अमेरिकेत उत्पादक स्वतःच पुस्तिकेत लिहितात की हे यंत्र प्रशिक्षित झाडकाम्यांनीच, झाडावरच वापरावं. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा यंत्रणेचा सल्लाही तोच, जमिनीवर टॉप-हँडल नको. घरच्या अंगणात सरपण कापायला "छोटी, गोंडस" करवत म्हणून ती घेणाऱ्यांनी हे आधी वाचायला हवं.

आणि मग एका हाताचा मोह. डोक्यावर हँडल, अडीच-तीन किलोंचं यंत्र, दुसऱ्या हातात फांदी धरून ठेवायची आहे; एका हाताने कापून टाकावं असं वाटणारच. जगभरचे चढणारे हे करतात आणि जगभरच्या प्रशिक्षणात ते करू नका असं सांगितलं जातं. एका हाताने धरलेल्या करवतीचा ब्रेक उसळीच्या वेळी डाव्या मनगटाने ढकलला जाऊ शकत नाही, कारण डावं मनगट तिथे नसतंच. उरतो तो केवळ झटक्याने आपोआप लागणारा ब्रेक, आणि मोकळा डावा हात नेमका बारच्या वाटेत. झाडावर झालेल्या जखमांत डाव्या हाताच्या जखमा का असतात, याचं उत्तर इथेच आहे.

या मोहावर उपाय कापण्याच्या पद्धतीत आहे. धरून ठेवता येईल एवढ्या तुकड्यासाठी चढणारे दोन बाजूंनी काप घेतात. एका बाजूने अर्ध्याच्या थोडं पुढपर्यंत, मग समोरच्या बाजूने दोन बोटं वर किंवा खाली दुसरा काप, तोही अर्ध्याच्या पुढे. दोन काप एकमेकांना ओलांडतात, पण भेटत नाहीत; मधे लाकडाचा पातळ पदर राहतो आणि तुकडा जागेवर उभा असतो. आता करवत बंद, ब्रेक लावलेला, ती कमरेच्या आकड्यात. मग दोन्ही हातांनी तुकडा मुरगळायचा. तो कडकन तुटतो आणि हवा तिकडे टाकता येतो. कापताना दोन हात करवतीला, तोडताना दोन हात लाकडाला. ही पद्धत नीट येत असलेल्या माणसाला करवतीच्या वजनात शे-दोनशे ग्रॅम इकडेतिकडे झाले तरी फारसा फरक पडत नाही. न येणाऱ्याला सगळ्यात हलकी करवत दिली तर तो ती एका हाताने चालवायला लागेल, आणि हलकेपणाचा खरा धोका हाच आहे.

तरीही करवत निवडायची आहेच. माझ्या मते पहिला प्रश्न सीसीचा नसून बारच्या लांबीचा आहे. झाडावरच्या कापांपैकी बहुतेक काप मनगटाएवढ्या ते मांडीएवढ्या फांद्यांचे असतात. दहा इंची बार म्हणजे २५ सेंटिमीटर, बारा म्हणजे ३०, चौदा म्हणजे ३५. दोन्ही बाजूंनी कापलं तर बारा इंची बारने त्याहून बऱ्याच जाड फांदीचाही निकाल लागतो. मग सोळा इंची बार कशाला? "कधी लागला तर असावा" म्हणून. हा "कधी" महिन्यातून एकदा येतो आणि त्याची किंमत दररोज द्यावी लागते, कारण बारचं वाढलेलं वजन हातापासून सगळ्यात लांब असतं. तराजूवर जे शंभर ग्रॅम दिसतात ते मनगटाला त्याहून कितीतरी जास्त जाणवतात. शिवाय लांब बारचं टोक फांदीच्या पलीकडे, न दिसणाऱ्या जागी असतं आणि मागच्या फाट्याला लागून उसळीला निमंत्रण देतं. इंजिनालाही लांब साखळी ओढावी लागते. बार आखूड केला की तेच इंजिन जोरकस वाटू लागतं.

मग इंजिन. ढोबळ दोन वर्ग आहेत. पंचवीस सीसीच्या आसपासच्या करवती, जशी श्टिलची एमएस १५१ टी, २३.६ सीसी आणि सुमारे २.६ किलो, किंवा एको या जपानी कंपनीची सीएस-२५११ टी, २५ सीसी आणि रिकामी असताना जेमतेम २.३ किलोंच्या घरात. दुसरा वर्ग पस्तीस ते चाळीस सीसीचा. वर आलेली एमएस २०१ टी ३५.२ सीसीची, हुस्कवार्ना कंपनीची टी४३५ही तेवढ्याच सीसीची आणि ३.४ किलोंची, टी५४० त्याहून थोडी मोठी. या दोन वर्गांत निवड कशी करायची याचं माझं उत्तर असं: छाटणी हेच मुख्य काम असेल तर पंचवीस सीसी. फांद्या बारीक, काप भरपूर, करवत सतत कमरेला. अख्खं झाड तुकड्या-तुकड्यांनी उतरवणं हे मुख्य काम असेल तर पस्तीस. कारण उतरवताना खोडावर उभं राहून, कमरेचा दोर आवळून कापायचं असतं. शरीर स्थिर, करवत छातीसमोर, लाकूड जाड. तिथे लहान इंजिन रेंगाळतं, माणूस दाबू लागतो, आणि दाबून कापणं हा थकण्याचा हमखास रस्ता. थकलेल्या हाताला अडीच किलोही जड.

लाकूड कोणतं यावरही बरंच ठरतं. शहरातल्या रस्त्यांवरचा गुलमोहर ठिसूळ, लवकर कापला जातो आणि कापायच्या आधीच फाटतो, म्हणून तिथे वेगापेक्षा नेमकेपणा हवा. जुनी चिंच किंवा बाभूळ असेल तर पंचवीस सीसीवाला दुपारपर्यंत कंटाळतो. माडाची तर तऱ्हाच उलटी. आंबा, फणसासारख्या झाडात गाभा कठीण असतो. माडात बाहेरचा थर दाट आणि कठीण, आतला भाग मऊ आणि तंतुमय, आणि हा कठीणपणा बुंध्याकडे जास्त, शेंड्याकडे कमी. शिवाय किनाऱ्यावरच्या माडाच्या खरबरीत खोडात वाळू अडकलेली असते. ती साखळीची धार पाहता पाहता घालवते. माडाला फांद्या नसल्याने चढणाऱ्याचा दोर वर अडकवायला फाटा मिळत नाही. खोडाभोवतीच दोन वेगवेगळे आधार घ्यावे लागतात, आणि त्यातला एक पोलादी तार आत असलेला असावा, म्हणजे करवत चुकून लागली तरी एका फटक्यात तुटणार नाही. साधा सुती किंवा नायलॉनचा दोर फिरत्या साखळीपुढे क्षणभरही टिकत नाही. करवत सुरू करण्याआधी दुसरा आधार बांधायचा, हा नियम बहुतेक देशांच्या प्रशिक्षणात पहिल्या दिवशी शिकवतात.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि श्रीवर्धन, मुरूडपासून दापोलीपर्यंत नारळ-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. वादळानंतरच्या कामात दोन अगदी निराळी कामं मिसळलेली असतात. आडवं पडलेलं झाड हे जमिनीवरचं काम. तिथे मागे हँडल असलेली, चाळीस-पन्नास सीसीची करवत हवी, आणि ताणाखाली अडकलेल्या खोडाचा कोणता भाग दाबला गेलाय आणि कोणता ताणला गेलाय हे ओळखण्याची नजर. अर्ध्यात मोडून उभं राहिलेलं झाड, तारेवर लोंबणारी फांदी, घराच्या कौलांवर टेकलेला शेंडा हे चढणाऱ्याचं काम. घाईत एकच यंत्र दोन्हीकडे वापरलं जातं. एकाच करवतीचे पैसे असतील तर तीस-बत्तीस सीसीची, मागे हँडल असलेली, चौदा इंची, चार किलोंच्या आसपासची साधी करवत हा त्यातल्या त्यात शहाणा मध्यममार्ग आहे. जमिनीवर ती सुरक्षित, आणि वर न्यायची वेळ आलीच तर दोराने ओढून घेता येते. लांब असल्याने फांद्यांत अडखळते, पण दोन्ही हात वापरायला भाग पाडते. मला तो तिचा गुणच वाटतो.

चढणाऱ्यांच्या दुनियेत एका करवतीची आठवण अजून काढली जाते, ती श्टिलची एमएस २०० टी. ३५.२ सीसी, ३.६ किलो, तात्काळ वेग घेणारी, आणि बिघडली तर कोणीही मेकॅनिक उघडून बसवू शकेल अशी. युरोप-अमेरिकेत लहान इंजिनांच्या धुराचे नियम कडक झाले आणि ती मागे पडली. साध्या टू-स्ट्रोक इंजिनात धूर बाहेर ढकलण्याचं काम ताज्या इंधनमिश्रणालाच करावं लागतं, त्यामुळे थोडं न जळलेलं पेट्रोल धुराबरोबर बाहेर जातं. नव्या इंजिनांत आधी शुद्ध हवेचा थर आत येतो, तो धूर हाकलतो आणि मागून मिश्रण येतं. पेट्रोल वाचतं, धूर कमी होतो, पण वाटा वाढतात, रचना गुंतागुंतीची होते. तिची जागा घेणारी एमएस २०१ टी आली तेव्हा जुन्यांना ती मंद वाटली. नंतर तिला स्वतःच मिश्रण जुळवून घेणारा इलेक्ट्रॉनिक कार्ब्युरेटर मिळाला आणि कुरकुर कमी झाली. जुनी २०० टी हातात आली तर घ्यावी का? तिचा ब्रेक, साखळी पकडणारा आकडा, कंप शोषणारे रबर नीट असतील तरच. नावावर भाळून घेऊ नये.

आपल्याकडे पेट्रोलचा एक निराळा प्रश्न आहे. २०२३पासून पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येऊ लागलं. बऱ्याच लहान टू-स्ट्रोक यंत्रांच्या पुस्तिकांत १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं लिहिलेलं असतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं; कोकणातल्या पावसाळ्यात टाकीत महिनाभर पडलेल्या पेट्रोलमध्ये ते पाणी खाली बसू शकतं, आणि कार्ब्युरेटरमधले रबरी पडदे कडक होतात. मग करवत तीन झाडं नीट चालते आणि चौथ्यावर, चाळीस फुटांवर, सुरू होत नाही. उपाय कंटाळवाणा पण सोपा: हवं तेवढंच मिश्रण बनवायचं, लिटरला २० मिलिलिटर चांगलं टू-स्ट्रोक तेल, आणि काम संपलं की टाकी रिकामी करून उरलेलं इंजिन बंद पडेपर्यंत जाळून टाकायचं. साखळीच्या टाकीत गॅरेजमधलं जळकं ऑइल ओतायची सवय तर सर्रास आहे. त्यात धातूचा कीस असतो, तो बार आणि तेलाचा पंप खातो, आणि त्या पातळ काळ्या तेलाचे शिंतोडे चढणाऱ्याच्या तोंडावर उडतात. साखळीचं तेल चिकट असतं ते याच कारणासाठी, वेगाने फिरतानाही ते साखळीला धरून राहावं म्हणून.

बॅटरीवरच्या करवतींनी गेल्या काही वर्षांत हे सगळे प्रश्न बाजूला सारले आणि काही नवे आणले. हुस्कवार्नाची टी५३५आय एक्सपी बॅटरी आणि बारशिवाय २.४ किलोंची. बॅटरीचे सव्वा किलोच्या आसपास मिळवा, म्हणजे पेट्रोलवालीशी बरोबरी. एक गंमत अशी की पेट्रोलची टाकी रिकामी होत जाते तशी करवत हलकी होते, बॅटरी मात्र संपली तरी तेवढीच जड. पण वजन हा या करवतींचा मुख्य फायदा नव्हेच. बटण दाबलं की सुरू, सोडलं की बंद. दोरी ओढायला एक हात मोकळा करावा लागत नाही, तापलेला मफलर दोराला किंवा पोटरीला चिकटत नाही, धूर नाही. आणि आवाज. पेट्रोलच्या करवतीचा कापणाऱ्याच्या कानाशी शंभर डेसिबलच्या आसपासचा गोंगाट असतो. त्यात खालच्या माणसाने ओरडलेलं "थांब" वर पोचत नाही. बॅटरीवाली थांबली की पूर्ण शांत, आणि बोलणं शक्य होतं. मुंबई-पुण्यातल्या सोसायट्यांत सकाळी छाटणी करणाऱ्या ठेकेदाराने हाच हिशेब करावा. नवा धोका म्हणजे ही करवत बंद आहे की नुसती शांत आहे हे कळत नाही. पेट्रोलचं यंत्र धुगधुगत राहून आपली आठवण देत असतं. बॅटरीवालीचं बटण हार्नेसच्या पट्ट्याने दाबलं जाऊ शकतं, म्हणून कमरेला लावण्याआधी ब्रेक आणि मुख्य बटण दोन्ही बंद करायची सवय अंगात मुरावी लागते. दिवसभराच्या मोठ्या कामाला चार-पाच बॅटऱ्या आणि जवळ वीज लागते. कुडाळजवळच्या वाडीत वादळानंतर वीज गेलेली असताना पेट्रोलच जिंकतं.

कंपाचा मुद्दा आपल्याकडे कोणी विचारातच घेत नाही. वर्षानुवर्षं कंप सहन केलेल्या हातांची बोटं गारठ्यात पांढरी पडतात, बधिर होतात, आणि मग ते बरं होत नाही. युरोपीय संघाच्या नियमात आठ तासांच्या सरासरीने कंप सेकंदाच्या वर्गामागे २.५ मीटरच्या वर गेला की मालकाने उपाय करायचे आणि ५ ही कमाल मर्यादा. करवतीच्या पुस्तिकेत डाव्या आणि उजव्या हँडलचे आकडे वेगळे दिलेले असतात. निवडताना वजनाच्या रकान्याबरोबर तेही वाचावेत. स्वस्त यंत्राच्या पुस्तिकेत हे आकडे दिलेलेच नसतील, तर त्यावरूनही काय ते समजायचं.

साखळीबद्दल थोडक्यात. झाडावरच्या करवतींना पातळ साखळी असते, १.१ किंवा १.३ मिलिमीटर जाडीच्या कडीची. काप अरुंद म्हणजे कमी लाकूड काढायचं, कमी ताकद. लहान दातांची पाव इंची साखळी गुळगुळीत कापते आणि उसळते कमी, तिला ३.२ मिलिमीटरची गोल कानस लागते. कमी उंचीच्या तीन-अष्टमांश साखळीला ४ मिलिमीटरची. चुकीची कानस वापरली की दात वरून चकचकीत दिसतो, पण कापत नाही. धार गेली हे भुशावरून ओळखायचं. धारदार साखळी ढलप्या काढते, बोथट साखळी पीठ काढते. पीठ दिसलं की थांबायचं, कारण त्यानंतरचं सगळं काम हात करत असतात. वर जाताना दुसरी, धार लावलेली साखळी बरोबर ठेवली तर खाली उतरून कानस मारत बसावं लागत नाही.

आणि मनगटाएवढ्या फांदीला चेनसॉ लागतच नाही. ओढून कापणाऱ्या जपानी वळणाच्या हातकरवती, तीसेक सेंटिमीटर पात्याच्या, म्यानात बसणाऱ्या, आता इथेही मिळतात. पातं ओढताना कापतं, म्हणून ते पातळ ठेवता येतं आणि वाकत नाही. चांगला चढणारा बारीक फांद्या तिनेच उडवतो. इंजिन सुरू करून, दुसरा आधार बांधून, जागा घेऊन कापायला जितका वेळ जातो तेवढ्यात दोन फांद्या खाली पडलेल्या असतात. छाटणी म्हणजे फक्त कापणं नव्हे हेही हातकरवत शिकवते. खोडाजवळची सुजलेली कडा राखून काप घेतला तर झाड जखम मिटवतं, आणि ती कडा राखायला मोटारीपेक्षा हात नेमका.

शहरात हे सगळं करण्याआधी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. १९७५चा नागरी क्षेत्रातल्या झाडांचा कायदा फांद्याही हिशेबात धरतो. परवानगी मिळाली की ठेकेदार पहिला प्रश्न विचारतो तो करवत किती रुपयांची घ्यायची हा. पैशांचा क्रम मी असा लावेन: आधी हार्नेस, दोन स्वतंत्र दोर आणि तारेचा कमरपट्टा, मग चारी बाजूंनी संरक्षण देणारी, साखळी अडकवून थांबवणाऱ्या तंतूंची विजार, कारण पुढून संरक्षण देणारी विजार झाडावर पुरत नाही, तिथे पोटरी आणि मांडीची मागची बाजूही करवतीसमोर येते, मग हेल्मेट, जाळी, कानाला बूच, मग हातकरवत. उरलेल्या पैशांत जी टॉप-हँडल येईल ती, बारा इंची बारची, आणि दोन जास्तीच्या साखळ्या. दुकानात ती विकत घेताना पेट्रोल आणि तेल भरायला सांगावं, बार लावायला सांगावा, मग कमरेला अडकवून एक फेरी मारावी, आणि दोन्ही हातांनी खांद्याच्या उंचीवर मिनिटभर धरून पाहावी. हे मिनिट दुकानदाराला फार लांब वाटतं. तो कुरकुरला तर दुसरं दुकान शोधावं.